माज

पुसेसावळीच्या जनावरांच्या दवाखान्यात
माझे वडील एकतीस वर्षं हा शब्द लिहीत होते.
सरकारी नोंदवहीत, निळ्या शाईनं,
मालकाचं नाव आणि वळूचा नंबर यांच्या मधल्या रकान्यात:
माजाची तारीख. माजाची वेळ.
त्यांच्या अक्षरात तो शब्द
‘पेंड’ किंवा ‘कडबा’ यांच्याइतकाच साधा दिसायचा.

पहाटे कुणीतरी सायकल दामटत येई,
‘डाक्टर, गाय माजावर आलीया, रातभर हंबरतीया.’
वडील डॉक्टर नव्हते. सांगून दमले, मग सांगणं सोडलं.
आईनं चहा टाकेपर्यंत
नायट्रोजनच्या टाक्यातून पांढरी वाफ पडवीभर पसरलेली असे
आणि ते हातमोजा खिशात कोंबत निघालेले.

म्हशीचं वेगळं.
उन्हाळ्यात ती ओरडत नाही, दावं ओढत नाही,
वैरणही खाते रोजच्यासारखी.
गोठा झाडायच्या आधी, अंधुक उजेडात,
शेपटीजवळ काचेच्या तारेसारखा बळस दिसला तर दिसला.
त्याला मुका माज म्हणतात.
‘तो ओळखता आला पाहिजे,’ वडील म्हणत,
‘नाहीतर एकवीस दिवस थांबा.’

घरात, गावात तोच शब्द शेपूट बदलून फिरायचा.
बांधावर हराळी माजली.
सोसायटीचा चेअरमन माजला.
माजलास व्हय रं, म्हणून मास्तरांनी थोरल्याला रूळानं हाणलं.
बाईला लावला की मात्र
आधी थुंकायचे, मग म्हणायचे.

छबूआत्याला लावला तेव्हा मी घागर घेऊन मागेच उभी होते.
नवरा गेला तेव्हा ती चोवीसची, माहेरी आली.
दोन वर्षांनी मळणीयंत्रावरच्या बाबालालशी बोलताना
ती एकदा हसली. तेही पदर दातात धरून.
दुसऱ्या दिवशी आडावर: ‘माजलीया.’
वडील तिथूनच चालले होते.
सायकलवरून उतरले, साखळीकडे बघितलं,
साखळी जागेवर होती. परत चढले.

त्या रात्री मी विचारलं, हा शब्द आला कुठून?
आठवीत होते, असलं विचारायची चटक होती.
ते म्हणाले, ‘मद. हत्तीच्या कानशिलातून गळतो तो.
त्याचाच हा गावाकडचा नातू.’
मग माजघर?
‘ते निराळं. मध्य, मज्झ, माज. घराचं मधलं.
दोन शब्द एकाच उंबऱ्यावरून आत आले,
आता कोण कुणाचा ते ओळखू येत नाही, एवढंच.’
आत्या माजघरात ज्वारी पाखडत होती.
सूप थांबलं.
थोड्या वेळानं सुरू झालं.

वडील गेल्यावर वह्या रद्दीत द्यायच्या होत्या.
ती निघून गेली त्या तारखेचं पान मी काढलं.
मालक धोंडीबा काटकर. म्हैस, तिसरं वेत.
मुका माज, पहाटे पाच.
शेरा: तिथं काही नाही,
फक्त निळा ठिपका, पानामागं उतरलेला,
जसा टाक टेकवून कुणी बराच वेळ बसल्यावर पडतो.

आत्या आता कऱ्हाडला, ओगलेवाडीच्या अंगाला.
सदुसष्टीची. बाबालाल जाऊन चार वर्षं झाली,
लेथचं दुकान नातू बघतो.
मी विचारलं, त्या शब्दाचा राग येत नाही?
‘कुठल्या?’
मला उच्चारायला लागला. जीभ अडखळली, या वयात.
ती गुडघ्याला तेल चोळत होती, तशीच चोळत राहिली.
‘माज म्हंजी कंबर की गं.
माझी आजी म्हणायची, माजाला पदर खोच आन लाग कामाला.’

कोशात आहे तो अर्थ, नंतर पाहिला,
जुना, शेवटून दुसरा. हाही मध्यातूनच आलेला.
वडिलांनी तो सांगितला नव्हता.
माहीत नसेल. किंवा सूप थांबलेलं त्यांनीही ऐकलं असेल.

‘मग?’ मी म्हटलं.
‘मग काय. खोचला.
सातची यष्टी व्हती.’